बाळाला औषध पाजताना

बेला, जैनथ भागातल्या घरांतून धाकट्याला औषध पाजण्याचे काम पुष्कळदा शाळकरी ताईकडेच येते, हे आम्ही पाहतो. म्हणून हा धडा.

बाळाचे नाक दाबून औषध ओतू नये. नाक बंद झाले की बाळ तोंडाने श्वास ओढते आणि औषध श्वासनळीत जाऊ शकते. आपल्याकडे गुटी अशीच पाजत आले, पण ती रीत आता सोडावी. आडवे निजवून किंवा रडताना पाजू नये. मांडीवर डोके उंच धरून बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आत थोडे थोडे सोडावे; गिळले की पुढचे. घरातला चमचा मापाचा नसतो. दुधाच्या बाटलीत मिसळले तर दूध उरते, तेवढे औषधही उरते. हगवणीत डॉक्टरांनी दिलेली झिंकची गोळी २ ते ६ महिन्यांच्या बाळाला चमचाभर आईच्या दुधात विरघळवून द्यावी. हगवण तिसऱ्या दिवशी थांबली तरी १४ दिवस द्यावी. इथेच बहुतेक घरे चुकतात.