तुलना कोणाशी? : तंबाखूचा अर्क, ई-सिगारेट आणि आपली मुले

आपल्या वसतिगृहातून शिकून शहरांत नोकरीला लागलेले काही माजी विद्यार्थी अलीकडे आम्हाला विचारतात, "ई-सिगारेटमध्ये धूर नाही, राख नाही, असते ते शुद्ध केलेले निकोटिन, मग ती सुरक्षित का म्हणू नये?" प्रश्न प्रामाणिक आहे, आणि आता तो वसतिगृहातील मुलांच्याही कानी पडू लागला आहे. केवळ "वाईट आहे" एवढ्या उत्तराने त्यांचे समाधान होणार नाही. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, हा कालामांना दिलेला उपदेश आपण मानतो. म्हणून या दाव्याची पारख येथे करीत आहोत.

पानापासून अर्कापर्यंत

तंबाखू मूळची अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांमार्फत ती भारतात आली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेगाने ती विजापूरहून अकबराच्या दरबारी नेली. बुद्धकाळी ती आपल्याकडे नव्हती, त्यामुळे पाचव्या शीलात तिचे नाव शोधणे व्यर्थ आहे. त्या शीलाने निकष दिला आहे तो प्रमादाचा. तो लावून पाहण्याचे काम आपले.

तंबाखूच्या पानातील परिणामकारक द्रव्यांना अल्कलॉइड म्हणतात. त्यांत निकोटिनचा वाटा सर्वांत मोठा असून नॉर्निकोटिन, अनाबसिन, अनाटाबिन ही अल्प प्रमाणात असतात. १८२८ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व राइमान यांनी निकोटिन प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पानात ते आम्लांशी जखडलेले असते. आम्लारी पदार्थ मिसळला की ते मोकळे होते. मग वाफेबरोबर किंवा द्रावकात ओढून घेऊन त्याचे शुद्धीकरण करतात. ई-सिगारेटच्या द्रवात हे निकोटिन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन आणि सुगंधी द्रव्ये असतात.

शुद्ध निकोटिन हे जहाल विष आहे. १८५० मध्ये बेल्जियममधील काउंट बोकार्मे याने तंबाखूतून निकोटिन काढून आपल्या मेहुण्याचा खून केला. झां स्तास या रसायनज्ञाने मृताच्या शरीरातून ते वेगळे करून दाखविले आणि काउंटला मृत्युदंड झाला.

कारखान्यातील हे रसायन आपल्याला परके नाही. तळहातावर तंबाखूला चुना चोळला जातो तेव्हा तेच घडते. चुना आम्लारी आहे. तो निकोटिन मोकळे करतो आणि ते तोंडातील त्वचेतून झपाट्याने रक्तात जाते. विदर्भातील खर्ऱ्यातही चुन्याचे काम हेच.

'कमी अपायकारक' म्हणजे काय?

सिगारेट-बिडी ओढणाऱ्याला व्यसन लागते ते निकोटिनचे. त्याचा जीव घेतो तो मुख्यतः जळत्या पानाचा धूर. त्यातील डांबर कर्करोगाला आणि कार्बन मोनॉक्साइड हृदयविकाराला हातभार लावतो. ई-सिगारेटमध्ये पान जळत नाही, म्हणून ती धूम्रपानापेक्षा बरीच कमी घातक असावी, हे मान्य केले पाहिजे. सिगारेट सोडण्यास ती काहींना उपयोगी पडते, याचेही पुरावे आहेत.

२०१५ मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने ती सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचे म्हटले. हा आकडा मात्र काही तज्ज्ञांच्या अंदाजातून आलेला होता; अनेक वर्षे रुग्णांचे निरीक्षण करून केलेले ते मोजमाप नव्हते. शिवाय धूर नाही म्हणजे धोका नाही, हा तर्क आपल्याच देशात खोटा ठरला आहे. पान वाळवताना व मुरवताना त्यातील अल्कलॉइडांपासून नायट्रोसअमाइन ही कर्कजनक द्रव्ये तयार होतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर धूम्रपान करणारे १०.७ टक्के होते. तोंडाच्या कर्करोगाने आपल्या वस्त्यांतून नेलेली कित्येक माणसे कधी बिडीही ओढत नव्हती.

शुद्धीकरणाने नायट्रोसअमाइन बहुतांश दूर होतात, पण निकोटिन उरते, आणि त्याबरोबर व्यसनही उरते. द्रव फार तापला की फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्येही निर्माण होतात.

खरा प्रश्न

'सुरक्षित' हा शब्द येथे तुलनेचा आहे. म्हणून तुलना कोणाशी, हे आधी विचारले पाहिजे. वीस वर्षे बिडी ओढणाऱ्या पित्यासाठी तुलना धुराशी आहे. वसतिगृहातील चौदा वर्षांच्या मुलासाठी ती शुद्ध हवेशी आहे. पित्याच्या बाबतीत जे कदाचित कमी वाईट, ते त्या मुलाच्या बाबतीत सरळ नुकसान आहे. कारण वाढत्या वयातील मेंदूला निकोटिनची सवय लवकर जडते आणि त्याचे लक्ष व शिकण्याची शक्ती बाधित होते. एकाच्या संदर्भातील उत्तर दुसऱ्याच्या माथी मारणे हीच या जाहिरातीची चलाखी आहे.

आपल्या देशात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी आहे. म्हणजे येथे जी कुपी हाती येते ती चोरट्या बाजाराची. युरोपीय संघात द्रवातील निकोटिनवर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. चोरट्या कुपीत किती निकोटिन आणि आणखी काय आहे, हे तपासणारा कोणीच नाही. इंग्लंडचा आकडा या कुपीला लागू करता येत नाही.

आपले कर्तव्य

बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षणाचा मार्ग दाखविला. ज्या पिढीची पहिली पुस्तके बिडीच्या मजुरीतून आली, तिच्या नातवंडांनी त्याच पानाच्या अर्कासाठी पैसे मोजावेत, ही खेदाची गोष्ट आहे. पालकांनी मुलाला दुकानातून पुडी आणायला पाठवू नये. अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे गुन्हा आहे. व्यसन लागलेल्याला लाजवू नये. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते, हे त्याला सांगावे. माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहात येऊन मुलांशी या विषयावर मोकळेपणाने बोलावे. थोरल्या भावाचे म्हणणे मुले अधिक मनावर घेतात.

शील म्हणजे भीतीने पाळलेला नियम नव्हे. समजून केलेली निवड होय. ती समज मुलांना देणे हे या संस्थेचे काम आहे, आणि ते आपण सर्वांनी मिळून करायचे आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!