उसावरील काणी आणि बेट उपटण्याची दिरंगाई

ऊन तापूं लागलें म्हणजे कांहीं फडांत उसाच्या पोंग्यांतून काळा, वांकडा चाबूक बाहेर पडलेला दिसतो. हीच काणी. चाबूक दृष्टीस पडला कीं पुष्कळ बागाईतदार विळ्यानें तो छाटतात, बांधावर टाकतात व काम झालें असें समजतात. आमच्या मतें रोगाचा बराचसा प्रसार याच हातानें होतो.

काणीचें कारण एक सूक्ष्म बुरशी होय. चाबूक प्रथम निघतो तेव्हां त्यावर पातळ रुपेरी पापुद्रा असतो. तो फाटला म्हणजे आंतील काजळीसारखी भुकटी वाऱ्यावर उडते. ही भुकटी म्हणजे बुरशीचे असंख्य बीजाणू. ते उभ्या उसाच्या डोळ्यांत शिरून गुप्त राहतात. ऊस वरून निरोगी दिसतो, आपण त्याचेंच बेणें तोडतों, आणि लागणीनंतर दोन ते चार महिन्यांत नव्या फडांत चाबूक दिसूं लागतात. ओल्या जमिनींत हे बीजाणू फार दिवस टिकत नाहींत. तेव्हां जमिनीस दोष देण्यापूर्वीं आपण बेणें कोठून आणिलें, हें प्रत्येकानें आठवून पाहावें.

बुरशी केवळ शेंड्यांत नसून बेटांत असते. एके वर्षीं आम्हीहि खोडव्यांत नुसते चाबूक छाटले. पुढें त्याच बेटांतून गवतासारखे बारीक फुटवे आले आणि त्यांसहि चाबूक निघाले. वाढलेलें बेट उपटतांना हात कचरतो, हें आम्ही जाणतों. परंतु त्या बेटापासून गाळण्याजोगा ऊस थोडाच मिळतो, आणि उपद्रव मात्र शेजाऱ्याच्या फडासहि पोंचतो.

सकाळीं वारा पडलेला असतां फडांत जावें. चाबकावर अलगद पिशवी चढवून तोंड बांधावें, मग चाबूक कापावा, आणि नंतर बेट मुळांसकट खणून काढून सर्व जाळून टाकावें. पाटांत टाकूं नये व वाढ्यांबरोबर गुरांपुढेंहि घालूं नये. एका फेरीनें भागत नाहीं. आठ-पंधरा दिवसांनीं पुन्हां पाहावें लागतें.

बेणें खोडव्याचें कधींहि घेऊं नये. बेणेमळ्यांतील नऊ-दहा महिन्यांचें निरोगी बेणें घ्यावें. टिपऱ्या १०० लिटर पाण्यांत १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळून १० मिनिटें बुडवाव्यात. मात्र डोळ्याच्या आंत शिरलेली बुरशी एवढ्यानें खात्रीनें मरत नाहीं. म्हणून बेणेमळ्याचें मूळ बेणें ५४ अंश सेंटिग्रेडच्या उष्ण बाष्पयुक्त हवेंत अडीच तास ठेवितात. हें काम घरीं होण्यासारखें नाहीं. तसें बेणें संशोधन केंद्राकडून किंवा कारखान्याकडून आणावें.

जातीचाहि प्रश्न आहे. को ७४० ही आपल्याकडे एके काळीं फार पसरलेली जात काणीस सहज बळी पडे. को ८६०३२ तिच्या मानानें पुष्कळ तग धरिते. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत २००६ सालीं काणी प्रथम आढळली, तेव्हां तेथील बागाईतदारांस रोगास बळी पडणाऱ्या जाती सोडून प्रतिकारक जाती लावाव्या लागल्या.

ज्या फडांत लागणीच्या पिकांतच ठिकठिकाणीं चाबूक दिसले, त्याचा खोडवा राखूं नये. निडव्याचें तर नांवच नको. तोडणी होतांच खोडक्या काढून टाकाव्या व त्या जमिनींत एक हंगाम दुसरें पीक घ्यावें.