आगगाडी कशी धावू लागली?

चुलीवर पेज रटरटू लागली की टोपावरचे झाकण थडथड उडते. कोण उडवते? वाफ! पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १६०० पट जागा लागते. ती बंद जागेत कोंडली की बाहेर पडायला जोर करते. इंजिनात हाच जोर दट्ट्याला मागेपुढे ढकलतो. दट्ट्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो. झाली गाडी सुरू!

जेम्स वॅटने किटली बघून इंजिन शोधले, अशी गोष्ट सांगतात. पण त्याच्या जन्माआधीच, १७१२ साली, न्यूकोमेनने खाणीतले पाणी उपसायला वाफेचे यंत्र बसवले होते. वॅटने ते सुधारले, म्हणून कोळसा पुष्कळ कमी लागू लागला. १८०४ साली वेल्समध्ये ट्रेव्हिथिकने रुळांवर इंजिन चालवले. त्याने १० टन लोखंड आणि ७० माणसे ओढली. पण इंजिन एवढे जड, की बिडाचे रूळच मोडले! १८२९ साली स्टीफन्सन पितापुत्रांच्या 'रॉकेट' इंजिनाने शर्यत जिंकली.

आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. अंतर ३४ किलोमीटर, डबे १४, पाहुणे सुमारे ४००. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने जोडली होती. तोफांची सलामी झाली. ही रेल्वे व्हावी म्हणून नाना शंकरशेट यांनी फार खटपट केली होती.

पुढे बोरघाट आडवा आला. १८५६ ते १८६३ हजारो मजुरांनी कातळ फोडून २५ बोगदे खणले. कॉलऱ्याने, अपघातांनी कितीतरी मजूर दगावले. इंजिनांची नावे आपण पाठ करतो, पण त्या मजुरांची नावे पुस्तकात सापडत नाहीत.

आपल्या किनाऱ्यावर वाफ आली ती समुद्रातून. मुंबईची आगबोट देवगड बंदरात लागायची. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. तोवर वाफेच्या इंजिनांचे दिवस सरले होते. इथे डिझेलची इंजिने आली, आणि आता विजेची धावतात. ही रेल्वे बांधताना जे कामगार दगावले, त्यांचे स्मारक रत्नागिरीला आहे.

आपण नांदगावला नाहीतर कणकवलीला जाऊन गाडी पकडतो. बोगदा आला की सगळी पोरे 'ओ ऽ ऽ' करून ओरडतात. ओरडा खुशाल! पण हा डोंगर कोणी फोडला, तेही एकदा आठवा.