मुलांच्या हृदयाची तपासणी : केव्हा आणि का?

शाळेत आरोग्य तपासणी झाली की दरवर्षी दोन-चार मुलांच्या हाती एक पर्ची जाते. तिच्यावर डॉक्टरांनी लिहिलेले असते, ‘हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे’. डोळ्यांची किंवा दातांची पर्ची मिळाली तर पालक आठ-पंधरा दिवसांत मुलाला घेऊन जातात. हृदयाची पर्ची मात्र पुष्कळदा दप्तरातच राहते. काही घरांत भीती वाटते, तर काही घरांत ‘पोर दिवसभर उंडारतं, त्याला काय धाड भरलीये’ असे म्हणून विषय संपतो. म्हणून या अंकाचा अभ्यासलेख आम्ही याच विषयावर देत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. पण पर्चीवरचे ते चार शब्द कशासाठी असतात, हे पालकांना आणि मोठ्या वर्गातील मुलांना समजलेच पाहिजे असे आम्हांस वाटते.

विद्यार्थ्यांनो, हृदयाला चार कप्पे असतात हे आपण शिकलात. आपल्या हिंदी पुस्तकांत त्यांना आलिंद व निलय म्हणतात. आजोबांच्या काळच्या मराठी पुस्तकांत कर्णिका व जवनिका हे शब्द सापडतील. उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसांकडे जाते, डाव्या बाजूचे सर्व शरीराकडे. मध्ये पडदा असतो आणि वाटेवर चार झडपा असतात. स्टेथोस्कोपने ऐकू येणारी ‘लब-डब’ म्हणजे या झडपा मिटल्याचा आवाज. त्या दोन आवाजांच्या मध्ये कधी कधी फुसफुस किंवा खळखळ ऐकू येते, त्याला डॉक्टर ‘मर्मर’ म्हणतात. नळाला पाणी जोरात आले की पाइप वाजतो ना, तसेच. पाइप फुटलेला असतोच असे नाही.

पालकांनी इथे थोडे थांबून वाचावे. अगदी निरोगी अशा पुष्कळ मुलांच्या हृदयात बालपणी केव्हा तरी हा आवाज ऐकू येतो, ताप असताना तर तो वाढतो, आणि वय वाढले की बहुधा आपोआप जातो. तज्ज्ञांकडे पाठवलेली अनेक मुले ‘काही नाही, खुशाल खेळू द्या’ हे ऐकून परत येतात. तेव्हा पर्ची मिळाली म्हणजे रोग झाला असे नव्हे. पण कोणता आवाज निर्दोष आणि कोणता नाही, हे घरी बसून ठरत नाही.

कारण काही आवाज खरेच दोषाचे असतात. दर हजार बालकांपैकी साधारण ८ ते ९ बालके हृदयात काही ना काही दोष घेऊन जन्मतात. सर्वांत जास्त आढळते ते पडद्यातले छिद्र. खालच्या कप्प्यांमधले लहान छिद्र पुष्कळदा आपोआप बुजते, डॉक्टर फक्त लक्ष ठेवतात. मोठे छिद्र असेल तर फुप्फुसांकडे गरजेपेक्षा जास्त रक्त जात राहते. असे तान्हे बाळ दूध पिताना थांबते, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, वारंवार न्यूमोनिया होतो. वरच्या कप्प्यांमधले छिद्र मात्र फसवे असते. मूल वर्षानुवर्षे ठणठणीत दिसते आणि विशी-तिशी ओलांडल्यावर त्रास सुरू होतो. मोठे छिद्र दुर्लक्षित राहिले तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांवरचा दाब वाढत जातो, आणि तो एका हद्दीपलीकडे गेला की छिद्र बंद करण्याची शस्त्रक्रियाही करता येत नाही. वेळेवर कळले तर अनेक छिद्रे आज छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालून, छत्रीसारख्या लहानशा साधनाने बंद होतात.

दुसरा प्रकार निळ्या मुलांचा. ओठ आणि जीभ निळसर दिसते, खेळता खेळता मूल धापा टाकत उकिडवे बसते. थंडीत फक्त नखे निळी पडणे आणि जीभ गुलाबी असणे ही चिंतेची गोष्ट नाही. जीभ निळी असली तर उशीर करू नये. कोरोनाच्या काळात बऱ्याच घरांत बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र आले आहे. त्यात आकडा वारंवार ९५ च्या खाली येत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

या निळ्या बाळांसाठी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १९४४ साली पहिली शस्त्रक्रिया झाली. तिच्यामागची कल्पना डॉ. हेलन टॉसिग यांची होती. शस्त्रक्रिया केली डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी आणि आधी प्रयोगशाळेत तिची तयारी केली त्यांचे सहायक विव्हियन थॉमस यांनी. टॉसिगबाईंना लहानपणी वाचायला फार जड जाई, आणि पुढे ऐकूही कमी येऊ लागले. त्या मुलांच्या छातीवर बोटे ठेवून मर्मर ओळखीत. वाचनात मागे राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे.

आता शाळेत जे दिसते त्याबद्दल. प्रार्थनेच्या वेळी उन्हात उभे असताना, सकाळी काही न खाता आलेले मूल चक्कर येऊन पडते. हे नेहमीचे आहे. आडवे झोपवून पाय उंच केले की ते सावरते. पण धावताना किंवा खेळताना मूल बेशुद्ध पडले, तर तो प्रकार वेगळा. त्याला पाणी पाजून घरी पाठवायचे नाही, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे आणि पुढे हृदयतज्ज्ञांना दाखवायचे. दचकल्यावर बेशुद्ध पडणाऱ्या मुलाचेही तेच. घरात कोणी तरुणपणी, पन्नाशीच्या आत, अचानक दगावले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. छातीत दुखते अशी तक्रार मुले नेहमी करतात, आणि बहुधा ते बरगड्यांचे, स्नायूंचे किंवा पित्ताचे असते. मात्र धावताना दुखत असेल, धडधड होत असेल तर तपासणी हवी.

सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते घशाबद्दल. एका विशिष्ट जंतूमुळे घसा येतो, ताप येतो, चार दिवसांत बरे वाटते. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचा गुडघा सुजतो, तो उतरतो न उतरतो तोच घोटा, मग कोपर. वय बहुधा ५ ते १५, म्हणजे नेमके आपल्या शाळेचे. लोक याला ‘वाढीचे दुखणे’ म्हणून तेल चोळतात. हा संधिवाताचा ताप असू शकतो. सांधे पूर्ववत होतात, पण हृदयाच्या झडपेला इजा झाली तर ती राहून जाऊ शकते. निदान झाल्यावर बहुधा दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते, तेही वयाच्या अठरा-एकविसाव्या वर्षापर्यंत, कधी त्याहून पुढे. मूल बरे दिसते म्हणून पालक ते मध्येच सोडतात, मग ताप उलटतो आणि झडप आणखी बिघडते. इंजेक्शनच्या दिवशी मूल उशिरा आले तर शाळा हजेरी कापणार नाही.

मुलींच्या बाबतीत कुजबुज अशी की, ‘हृदयाचे नाव निघाले तर पुढे लग्नाला अडचण येईल.’ स्पष्ट बोलतो, पालकांनी रागावू नये. लहानपणी बंद झालेल्या साध्या छिद्राची मुलगी शिकते, नोकरी करते, संसार करते. लपवलेले मोठे छिद्र आणि वाढलेला दाब घेऊन जी मुलगी सासरी जाते, तिला बाळंतपण जिवावरचे ठरू शकते. मुलगी आहे म्हणून पर्ची लपवणे हे मुलीच्या हिताचे कसे?

तपासणीचे म्हणाल तर मुलाला घाबरण्यासारखे काहीच नसते. ईसीजीत छातीवर चिकटपट्ट्या लावतात, इकोत सोनोग्राफीसारखे जेल लावून पडद्यावर हृदय हलताना दाखवतात. सुई नाही, क्ष-किरण नाही. तज्ज्ञ शक्यतो मुलांच्या हृदयाचे असावेत; आपल्या इंदूरमध्ये ते आहेत. खर्चाची चिंता असेल तर २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचा उपचार विनामूल्य आहे. त्यासाठी जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जावे. मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल हृदय उपचार योजनाही आहे. कागद भरण्यास आमचे कार्यालय मदत करेल. विश्वस्त मंडळींनी त्या कामासाठी एक टेबल द्यावे अशी विनंती आहे.

तपासणी झाल्यावर एक गोष्ट करावी. ‘आमच्या मुलाला खेळातून सूट द्यावी’ असे अर्ज आमच्याकडे येतात, कारण फक्त ‘हृदय’. असा अर्ज आम्ही घेत नाही. मुलाने काय खेळावे, किती खेळावे, काय टाळावे, हे तज्ज्ञांकडून लिहून आणावे. बऱ्याच मुलांना ते पूर्ण खेळाची परवानगी देतात. तो कागद वर्गशिक्षकांकडे आणि क्रीडाशिक्षकांकडे राहील, इतरांना दाखवला जाणार नाही. यंदाच्या पर्च्यांची नोंद कार्यालयात आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ज्यांचे उत्तर येणार नाही, त्यांच्या घरी आम्ही स्वतः येऊ.