धाम नदीची तब्येत कशी पाहावी

नदीचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवले की तपासणी झाली, असे आपण धरून चालतो. पण बाटलीला फक्त त्या घटकेचे पाणी कळते. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत पुढे निघून जाते. दगडाखाली महिनोन्‌महिने राहणारे किडे मात्र त्याने मरतात, आणि ती जागा पुन्हा नांदती व्हायला वेळ लागतो. म्हणून नदीत कोण राहते, हे पाहायलाच हवे. ही कृती वर्धा जिल्ह्यातल्या धामसाठी लिहिली आहे. बोर, यशोदा आणि वणा या नद्यांनाही ती चालेल.

साहित्य थोडे लागते: लांब दांड्याची बारीक जाळी (भोके अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास), पांढरा ट्रे, मऊ ब्रश, भिंग, तापमापक, मोजपट्टी, गमबूट आणि वही.

आधी जागा ठरवा. महाकाळीच्या धरणाखाली एक, येळाकेळीजवळ एक, पवनारच्या वर एक आणि खाली एक, अशा चार पुरेत. बंधाऱ्यामागचे तुंबलेले पाणी घेऊ नका. वाहत्या पाण्याशी त्याची तुलना होत नाही. काळ पावसाळा ओसरून पाणी निवळल्यानंतरचा, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर. दुसरी फेरी उन्हाळ्याच्या तोंडाशी. वर्धा शहरासाठी धरणातून नदीत पाणी सोडतात, तेव्हा पात्रात उतरण्याआधी पाटबंधारे खात्याकडे चौकशी कराच. एकट्याने उतरू नका. हातापायाला जखम असेल तर काठावर बसून नोंदी घ्या.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, आणि नेमके तेच लोक टाळतात: जाळी भिजवण्याआधी नदीचे घर पाहणे. शंभर मीटरचा पट्टा मोजा आणि कच्चा नकाशा काढा. उथळ खळाळ कुठे, डोह कुठे, तळाशी दगड, गोटे, रेती की गाळ? एक दगड उचला. तो गाळात अर्ध्याहून जास्त रुतलेला असेल तर त्याच्याखाली राहायला जागाच उरलेली नसते. काठावर अर्जुन, करंज, जांभूळ आहेत की नुसती बेशरम? सावली किती पडते? दरड कुठे ढासळते? रेती उपसल्याचे खड्डे, नाल्याचे तोंड, गाड्या धुण्याची जागा, सगळे नकाशावर आणा. हे न करता किडे मोजले तर रेतीउपशाचा दोष पाण्याच्या माथी मारला जातो, आणि उपाय चुकीच्या ठिकाणी होतो.

मग नमुना घ्या. खळाळात जाळीचे तोंड वरच्या अंगाला, धारेकडे करून धरा आणि जाळीपुढचे दगड पायाने हलवा. सुटलेले जीव धारेबरोबर जाळीत येतात. मोठे दगड हाताने उचलून ब्रशने झाडा. काठच्या लव्हाळ्यातही जाळी फिरवा. प्रत्येक जागी वेळ सारखाच द्या, नाहीतर आकड्यांना अर्थ राहत नाही.

ट्रेमध्ये स्वच्छ पाणी घालून थोडे थांबा. जीव हलू लागले की दिसतात. शेवटी बहुधा तीन शेपट्या आणि पोटाच्या कडेला कल्ले असले तर ते मेफ्लायचे पिल्लू. रेतीच्या कणांची नळी करून राहते ती कॅडिसफ्लायची अळी. चतुर आणि टाचणीची पिल्लेही येतील. लालभडक अळ्या आणि गाळातले बारीक गांडुळासारखे कृमीच तेवढे सापडले तर काळजी करा, कारण कमी प्राणवायूत ते तग धरतात. पृष्ठभागावर पळणारे किडे हवेतून श्वास घेतात, त्यांच्यावरून पाण्याची परीक्षा करू नका.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पद्धतीत प्रत्येक कुळाला 1 ते 10 गुण असतात. चपट्या अंगाच्या मेफ्लायला 10, लाल अळ्यांच्या कुळाला 2, गाळातल्या कृमींना 1. सापडलेले कूळ एकदाच धरून सरासरी काढा. ती 7 किंवा जास्त असेल तर पाणी स्वच्छ. 2 च्या खाली गेली तर अतिप्रदूषित. विविधता अशी मोजतात: जीव एकेक उचलायचा आणि आधीच्याशी ताडायचा, वेगळा निघाला की नवी ओळ सुरू. चाळीस जिवांत अठ्ठावीस ओळी झाल्या तर विविधता 0.7. दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. जीव पुन्हा त्याच जागी सोडा.

पवनारला विनोबांचा आश्रम आहे, 1948 मध्ये गांधीजींच्या काही अस्थींचे विसर्जन तिथे झाले आणि मूर्तीही तिथेच विसर्जित होतात. मूर्ती विसर्जनाचा परिणाम शोधताना ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी तुलना फसते, कारण मधे पावसाचे पाणी येऊन जाते. एकाच दिवशी घाटाच्या वर आणि खाली नमुना घ्या, तळ दोन्हीकडे सारखा आहे ना हे बघून.

माशांसाठी ढीवर बांधवांना विचारा. कोणते मासे वडिलांच्या काळी मिळत आणि आता मिळत नाहीत, तिलापिया कधीपासून जाळ्यात येऊ लागला, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नाही. सांगणाऱ्याच्या संमतीनेच नोंद करा.

नकाशा, गुण आणि माशांची यादी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्या. 2002 च्या जैविक विविधता कायद्याने ही समिती आणि तिची लोक जैवविविधता नोंदवही ठेवणे गावाकडे सोपवले आहे. त्या वहीत तुमच्या नदीचे पान कोरे असेल, तर या हिवाळ्यात ते भरा.