पेंग्विन पक्ष्यांची नेत्रपरीक्षा

पुष्कळ शाळांतून विद्यार्थ्यांचे डोळे तपासण्याची पद्धत आहे. भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगतात, विद्यार्थ्यास सहा मीटर अंतरावर उभे करतात आणि एकेक डोळा झाकून अक्षरे वाचावयास सांगतात. ह्या परीक्षेत अर्धे काम डॉक्टरांचे असते व अर्धे आपले. 'खालची ओळ दिसत नाही', 'डोळा चुरचुरतो', हे आपणच त्यांस सांगतो. परंतु ज्यास अक्षरओळख नाही, वाचा नाही, आणि मनुष्य जवळ येताच जो चोच उगारतो, त्या जीवाचे डोळे कसे तपासावे? दक्षिण गोलार्धात समुद्रकाठी मुक्तपणे राहणाऱ्या पेंग्विन पक्ष्यांच्या बाबतीत पशुवैद्यांपुढे हाच प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर ते कसे शोधतात, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम ह्या परीक्षेची गरज काय ते पाहू. पेंग्विन उडत नाही. तो पाण्यात बुडी मारून मासे पकडतो आणि भक्ष्य शोधताना त्याची मुख्य भिस्त दृष्टीवर असते. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील आफ्रिकन पेंग्विनचेच उदाहरण घेऊ. मादी बहुधा दोन अंडी घालते. नर व मादी ती आळीपाळीने सुमारे चाळीस दिवस उबवितात. पिले लहान असेतो एक पालक घरट्याची राखण करतो व दुसरा समुद्रावर जातो. दोघांपैकी एकाची दृष्टी गेली तर तो स्वतः उपाशी राहतोच, पण त्याच्यामागे घरट्यातील पिलांचीही उपासमार होते. विसाव्या शतकाच्या आरंभी लाखोंनी मोजावी लागणारी ही जात आज १०,००० जोड्यांच्याही खाली आली असून २०२४ साली तिची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत करण्यात आली. अशा वेळी एकेक डोळस पक्षी मोलाचा ठरतो.

आता ह्या डोळ्याची रचना पाहू. आपल्या बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्यास पारपटल म्हणतात. आपल्या डोळ्याची प्रकाश वळविण्याची शक्ती सुमारे ६० डायॉप्टर असते. तीपैकी ४० हून अधिक ह्या पारपटलाची असते. परंतु पाण्याचा आणि पारपटलाचा वक्रीभवनांक जवळजवळ सारखा असल्यामुळे बुडी मारताच ही शक्ती नाहीशी होते आणि आपणांस सारे अंधुक दिसू लागते. पेंग्विनचे पारपटल मात्र बरेच चपटे असते. हवेतही त्यावर फारसा भार नसल्यामुळे पाण्यात शिरल्यावर होणारे नुकसान थोडे असते, आणि ते आतील भिंग आपला आकार बदलून भरून काढते. म्हणून हा पक्षी दोन्हीकडे चांगले पाहू शकतो.

त्याच्या बाहुलीची करामतही नवल वाटावी अशी आहे. किंग पेंग्विन शंभर मीटरहून अधिक खोल, मंद उजेडात शिकार करतो. तेथे त्याची बाहुली मोठी होते. किनाऱ्यावरील लख्ख उन्हात मात्र ती आकुंचन पावून सुईच्या छिद्राएवढी, आणि तीही चौकोनी होते. बाहुलीच्या क्षेत्रफळात सुमारे ३०० पट फरक पडतो, असे मोजमापांवरून दिसून आले आहे. ह्याखेरीज पापण्यांच्या आत तिसरी, पातळ पापणी असते. ती पाहण्यास दक्षिण समुद्रावर जाण्याचे कारण नाही. अंगणातील कोंबडी लक्ष देऊन पाहावी. तिच्या डोळ्यावरून क्षणभर आडवा सरकणारा पडदा तो हाच.

प्रत्यक्ष परीक्षा पक्ष्यास हात लावण्यापूर्वीच सुरू होते. परीक्षक दूर बसून दुर्बिणीतून पाहतो. पक्षी दगडांस अडखळतो काय? एक डोळा मिटून धरतो काय? पापणी सुजलेली, डोळा चिकटलेला किंवा पांढुरका दिसतो काय? ह्या निरीक्षणाने पक्ष्यास काडीचाही त्रास होत नाही. मात्र येथे एक फसगत संभवते. पेंग्विनच्या चोचीवरून पुष्कळदा पाण्याचे थेंब ठिबकताना दिसतात. ते अश्रू नव्हेत. डोळ्यांच्या वर, कवटीच्या खोबणीत, क्षारग्रंथी असतात. समुद्राच्या पाण्याबरोबर पोटात गेलेले जादा मीठ त्या रक्तातून काढून घेतात आणि ते खारट पाणी नाकपुड्यांवाटे बाहेर पडते.

त्यानंतर पक्ष्यास धरावयाचे. हे काम अनुभवी माणसाचेच होय. चोच धारदार असते आणि वल्ह्यासारख्या पंखांचा फटका जोराचा बसतो. मान आवळली किंवा पक्षी धडपडला तर डोळ्यातील दाब वाढतो व मोजमाप चुकते. थंड पाण्यासाठी बनलेले हे दाट पिसांचे शरीर उन्हात धरून ठेवले तर लवकर तापते. तेव्हा थंड वेळ निवडणे भाग असते. शिवाय पालक घरट्यावरून उठला की अंडी व पिले पळविण्यास समुद्री कुरव पक्षी टपलेलेच असतात. म्हणून सर्व साहित्य आधी मांडून ठेवून तपासणी थोडक्या वेळात उरकतात.

तपासणीचा क्रमही ठरलेला असतो. प्रथम टिपकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवून ती किती मिलिमीटर भिजते ते घड्याळ लावून मोजतात. त्यावरून अश्रूंचे प्रमाण कळते. जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर ह्यांनी १९०३ साली मनुष्यांसाठी काढलेली ही युक्ती आज पेंग्विनांच्याही उपयोगी पडते. ती आरंभीच करतात, कारण डोळ्यात औषध घातल्यावर अश्रूंचे माप खरे येत नाही. मग बारीक चिरेसारखा प्रकाशझोत टाकणाऱ्या दिव्याने पापण्या, पारपटल, बुबुळ व भिंग ही क्रमाने पाहतात. भिंगावर पांढरट डाग असल्यास मोतीबिंदूची शंका येते. पुढे टोनोमीटरने डोळ्यातील दाब मोजतात. ह्या यंत्राच्या एका प्रकारात इवलीशी सळई पारपटलास क्षणमात्र स्पर्श करून मागे उसळते व त्या उसळीवरून दाब कळतो. त्यासाठी डोळा बधिर करावा लागत नाही. शेवटी फ्लुओरेसीन हा नारिंगी रंग डोळ्यात सोडतात. पारपटल अभंग असेल तर रंग धुऊन जातो. जेथे ओरखडा असेल तेथे मात्र तो शोषला जातो आणि निळ्या प्रकाशात ती जागा हिरवी चमकते. वाळूचा कण, शेजाऱ्याची चोच किंवा मासेमारीचा गळ ह्यांनी केलेली जखम अशी उघडकीस येते.

खरी अडचण डोळ्याच्या मागील भागाची. हेर्मान हेल्महोल्ट्झ ह्यांनी १८५१ साली शोधलेल्या ऑफ्थॅल्मोस्कोपने मनुष्याचे दृष्टिपटल पाहता येते. त्यापूर्वी औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करतात. परंतु पक्ष्यांच्या बुबुळातील स्नायू वेगळ्या प्रकारचे, बहुतांशी इच्छेप्रमाणे हलणारे असल्यामुळे ते नेहमीचे थेंब तेथे निरुपयोगी ठरतात. म्हणून पक्ष्यास अंधाऱ्या जागी नेऊन, बाहुली आपोआप मोठी झाली म्हणजे, चटकन आत डोकावतात. मनुष्याच्या एका डोळ्यावर प्रकाश टाकला की दुसऱ्याचीही बाहुली लहान होते, आणि डॉक्टर त्यावरून मज्जातंतूंची पारख करतात. पक्ष्यांत हा संबंध भरवशाचा नसतो. एका प्राण्याची कसोटी दुसऱ्यास जशीच्या तशी लावता येत नाही, हे ह्यावरून ध्यानात यावे.

आणि येथेच ह्या विषयाचे मर्म आहे. समजा, एका पेंग्विनच्या डोळ्यातील दाब मोजला आणि एक आकडा आला. तो अधिक की उणा? निरोगी पेंग्विनचा आकडा ठाऊक असल्याखेरीज ह्या प्रश्नास उत्तर नाही. म्हणून शास्त्रज्ञ केवळ आजारी पक्षी तपासून थांबत नाहीत. धडधाकट पक्ष्यांचीही मापे घेऊन त्यांची नोंद करतात. ही मापे जातीजातींत भिन्न असतात. पिंजऱ्यातील पक्ष्यांची मापे रानातील पक्ष्यांस बिनदिक्कत लावणेही योग्य नव्हे. मुंबईत भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात २०१६ साली हंबोल्ट जातीचे पेंग्विन आणले गेले. ते आफ्रिकन पेंग्विनचे जवळचे भाऊबंद होत. परंतु बंदिस्त पेंग्विनांचे पाणी, प्रकाश आणि आयुष्यमान रानातल्याहून निराळे असते. प्राणिसंग्रहालयांतील वृद्ध पेंग्विनांत मोतीबिंदू पुष्कळदा आढळतो व शस्त्रक्रियेने तो काढतातही. समुद्रावरील पक्ष्यास शस्त्रक्रियागृह कोठून मिळणार?

अशा नोंदींचे मोल संकटकाळी कळते. जून २००० मध्ये 'ट्रेझर' नावाचे जहाज केप टाउननजीक बुडाले आणि रॉबेन व डासेन ह्या बेटांजवळ तेलाचा तवंग पसरला. सुमारे १९,००० पेंग्विन तेलाने माखले. १९६८ साली स्थापन झालेल्या 'सँकॉब' ह्या संस्थेने हजारो स्वयंसेवकांच्या साह्याने ते धुऊन काढले, आणि त्यांतील बहुतेक पुन्हा समुद्रात सोडले गेले. तेलाने डोळ्यांचाही दाह होतो; तेव्हा अंगाबरोबर डोळेही धुवावे लागतात, औषध घालावे लागते. पक्षी परत सोडण्याजोगा झाला की नाही हे ठरविताना त्याची दृष्टी पाहणे अगत्याचे असते. दोन्ही डोळ्यांनी आंधळा झालेला पेंग्विन समुद्रात सोडणे म्हणजे त्यास उपाशी मारणेच होय.

डोळ्यावरून कधी कधी साऱ्या शरीराचा इतिहासही कळतो. स्कॉटलंडमधील बास रॉक बेटावर २०२२ साली पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझाची साथ आली. तीतून वाचलेल्या कित्येक गॅनेट पक्ष्यांचे एरवी फिकट निळे असणारे बुबुळ काळे पडल्याचे आढळले. मूळचा रंग ठाऊक होता, म्हणूनच हा बदल ध्यानात आला.

तात्पर्य, रोग ओळखावयाचा असेल तर आरोग्याची ओळख आधी करून घ्यावी लागते. ती एका दिवसात होत नाही. त्यासाठी निरोगी जीवांकडेही वर्षानुवर्षे धीराने पाहावे लागते, त्यांस न दुखविता मोजावे लागते आणि जे दिसले तेवढेच प्रामाणिकपणे लिहून ठेवावे लागते. परसातील कोंबडी, गोठ्यातील गाय किंवा खिडकीवर येणारी चिमणी ह्यांच्यापासूनही ह्या अभ्यासाचा आरंभ करता येईल. एक वही व थोडी चिकाटी एवढ्याच भांडवलावर आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनी तो अवश्य करून पाहावा.