दिव्यांग विद्यार्थ्यांचे मूल्यमापन

नारायणगुड्याच्याच महानगरात, सिकंदराबादच्या मनोविकासनगरात, बौद्धिक अक्षमतेविषयीची राष्ट्रीय संस्था १९८४ साली स्थापन झाली. तिने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘बेसिक-एमआर’ ही मापनश्रेणी सामान्य शाळेतील शिक्षकांनीही अभ्यासावी अशी आहे.

तीत उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निवाडा नाही. कृती स्वतंत्रपणे केल्यास ५ गुण, नुसता इशारा पुरल्यास ४, तोंडी सांगत राहावे लागल्यास ३, हात धरून करवून घ्यावी लागल्यास २ व सर्वस्वी परावलंबन असल्यास १. सुटे पैसे मोजताना जूनमध्ये ज्याचा हात धरावा लागे, तो मुलगा दिवाळीपर्यंत तोंडी सांगण्यावर मोजू लागला, तर २ चे ३ झाले. गुणपत्रिकेत मात्र दोन्ही वेळा ‘नापास’ हाच शेरा पडतो. तो लिहिण्यास श्रम पडत नाहीत, एवढाच त्याचा गुण.

दृष्टिबाधित विद्यार्थ्याची गोष्ट निराळी. त्याची अडचण ज्ञानाची नसून लेखनाची असते. म्हणून लेखनिक आणि, २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, तासामागे किमान २० मिनिटे अधिक. लेखनिकाचा सराव मात्र परीक्षेपूर्वी, घटक चाचणीपासूनच व्हावा. ऐन परीक्षेत प्रथमच भेटलेल्या लेखनिकास उत्तर सांगणे डोळस विद्यार्थ्यासही जड जाईल.